घासून मुरूम जात नाहीत

पीलिंगबद्दलची, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याबद्दलची, पत्रे येतच राहतात. गाव आणि वय बदलते, गैरसमज तेच. त्यातली काही एकत्र घेतो.

रोज अक्रोडाच्या स्क्रबने चेहरा घासला तर मुरूम कमी होतील का? (वय 17, सातारा)

नाही. मुरूम मळामुळे येत नाहीत. घासून फक्त सुजलेल्या पुटकुळ्या फुटतात.

पार्लरमध्ये सहा सिटिंगचे पॅकेज सांगितले आहे. पीलने खड्डे भरतील का? (वय 26, नाशिक)

आधी ते खड्डेच आहेत का ते पाहू. आरशासमोर उभ्या राहा, हात फिरवा. हाताला सपाट लागतो आणि नुसता काळा दिसतो तो डाग. डागांवर सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्लाचे हलके पील उपयोगी पडते. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, सोबत रोज सनस्क्रीन. हाताला खोल लागतो तो खड्डा. त्याचा दोष त्वचेच्या आतल्या थरात असतो आणि हलके पील तिथवर पोचतच नाही. सुईने टोचल्यासारख्या अरुंद खड्ड्यांत टोकदार काडीने तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक) आम्लाचा थेंब सोडतात. पसरट, लाटांसारख्या खड्ड्यांखालचे ताणलेले धागे सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. एकाच चेहऱ्यावर दोन्ही प्रकार असू शकतात. खड्ड्याचा प्रकार न पाहता सहा सिटिंगचा आकडा कुठून आला, हे पार्लरला जरूर विचारा. पैसे भरण्याआधी.

बारा दिवसांवर लग्न आहे. एक पील करून घेऊ? (वय 25, कोल्हापूर)

नको. पापुद्रे निघायला आठवडा लागू शकतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जरा जास्त जळले की काळा डाग पडतो आणि तो कित्येक महिने राहतो.

ऑनलाइन 30 टक्के ग्लायकोलिकची बाटली मागवली आहे. किती मिनिटे ठेवू? (वय 22, ठाणे)

शून्य. टक्केवारी ही अर्धीच माहिती. आम्लाचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, किती, यावर ते किती आत शिरेल हे ठरते. आम्ही डॉक्टर घड्याळापेक्षा त्वचेकडे पाहत असतो आणि लाली चढू लागली की सोड्याच्या द्रावणाने आम्ल निष्प्रभ करतो. न्हाणीघरात हे कोण पाहणार?

औषधाच्या दुकानातून मिळालेली एक ट्यूब आठ महिने लावते आहे. आधी चेहरा उजळला. आता ती बंद केली की लाल होतो, आग होते, बारीक पुटकुळ्या उठतात. पील केल्यास बरे वाटेल का? (वय 31, लातूर)

पीलचे नावही काढू नका. तुम्ही ट्यूबचे नाव लिहिले नाही, तरी वर्णन इतके ओळखीचे आहे की अंदाज बांधता येतो. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले तर ते स्टिरॉइड आहे. अनेकदा त्यात डाग फिकट करणारी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही औषधेही मिसळलेली असतात. हे मिश्रण वांगासाठी, थोड्या आठवड्यांपुरते, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचे. मुरमांसाठी नाही आणि गोरे होण्यासाठी तर नाहीच. स्टिरॉइड सूज दाबते, म्हणून सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो आणि मैत्रिणी ट्यूबचे नाव विचारतात. मग त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, एकसारख्या पुटकुळ्या येतात. सोडली की चेहरा पेटतो म्हणून पुन्हा लावायची, असे चक्र चालते. अशा पातळ त्वचेत आम्ल हवे त्याहून खोल शिरते. पीलनंतर भाजून आलेल्या रुग्णांना मी पहिला प्रश्न ट्यूबचाच विचारतो.

स्टिरॉइडची मलमे 2018 मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचच्या कक्षेत आणली. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानदार तरीही साबणासारखी हातात ठेवतो आणि आपणही ‘तीच द्या जी शेजारणीला दिली’ म्हणतो. ती कशी सोडायची हे तपासूनच ठरेल. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ट्यूब सोबत न्या, लाजू नका.

पाचवा महिना आहे. सॅलिसिलिक पील चालेल? (वय 28, पुणे)

नाही. बाळंतपणानंतर बोलू. तोवर कोणतेही मलम स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. पील आणि वॅक्सिंग चालेल का? (वय 23, पणजी)

वॅक्सिंग नको, कातडी सोलून निघते. पीलसाठी पूर्वी गोळ्या संपल्यावर सहा महिने थांबायला सांगत. आता अनुभवी हातांनी हलके पील करता येते असे मानले जाते, पण गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, हे त्यांनी सांगितले असेलच. नसेल तर आजच विचारा.

मुलाला गालावर मोठ्या, दुखऱ्या गाठी येतात. आजी म्हणतात, वयात आला की येतात, लग्न झाले की जातात. (आई, जळगाव)

मुरूम जातील कदाचित, खड्डे राहतील. दुखऱ्या गाठी म्हणजे आतली सूज, आणि ती जितकी रेंगाळते तितका खड्ड्याचा धोका वाढतो. पीलचा विचार नंतर. औषधाने गाठी आधी थांबवायच्या, आणि औषधालाही आठ-बारा आठवडे द्यावे लागतात. परीक्षा संपेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. आणि तोवर त्याला गाठी फोडू देऊ नका.