बीपी १६० वर आणि तोंडात ज्येष्ठमध

प्रश्न: सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात, तरी दोन महिने बीपी १६०/९६ च्या खाली येत नाही. नातेवाइकांनी सर्पगंधाच्या मुळीची पूड दिली आहे. गोळी बंद करून ती सुरू करावी का? बाकी औषध काही नाही, खोकल्यासाठी ज्येष्ठमध तेवढा दिवसभर चघळतात.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, पूड बाजूला ठेवा आणि आधी सासूबाईंच्या तोंडातली ती कांडी बंद करा. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. मग शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि बीपी चढतं. बीपी हटत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांना मी ‘दिवसभर तोंडात काय असतं?’ हे हमखास विचारते. ज्येष्ठमधाला कुणी औषध मानतच नाही, त्यामुळे तो सांगायचा राहतो. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

सर्पगंधाचा गुण खरा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्याबद्दल ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये मुळीतून रेसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. बीपी खरंच उतरतं, म्हणूनच ती अंदाजाने देऊ नये. रेसर्पिनची रोजची मात्रा साधारण पाव मिलिग्रॅमपर्यंत. चमचाभर पुडीत ते किती, कसं कळणार? जास्त झालं की नाक चोंदतं, नाडी मंदावते, माणूस मनाने खचतो. पूर्वी नैराश्य किंवा पोटात अल्सर झालेल्यांना तर देऊच नये.

लसणाने थोडाफार फरक पडतो, पण आपल्या कांदा-लसूण चटणीत मीठही सढळ हाताने पडतं. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. चटणी, लोणचं, पांढरा रस्सा सगळं त्यातच धरा.

गोळी स्वतःहून बंद करू नका. सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी याच आठवड्यात करा; पायांत गोळे येत असतील, अशक्तपणा किंवा धडधड असेल तर आजच डॉक्टर गाठा. सकाळी गोळीआधी पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजा, आकडे वहीत लिहा, आणि ज्येष्ठमधाचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर बेडका तपासून घ्या, छातीचा एक्स-रेही काढा.