नेसो नेपच्यूनला सोडून का जात नाही?

तुम्ही विचारलंय की बुध सूर्यापासून जितका लांब जातो त्याहूनही नेसो हा नेपच्यूनचा चंद्र नेपच्यूनपासून लांब जातो, मग तो निसटत कसा नाही? आणि जेमतेम 60 किमीच्या या तुकड्याला चंद्र म्हणायचं तरी का?

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकतो. उपग्रह म्हणवून घ्यायला किमान अमुक आकार हवा, असा नियमच नाही. ग्रहाभोवती फिरतोय ना, मग झाला उपग्रह.

आता पहिला प्रश्न. लांब जातो हे खरंच आहे. सरासरी अंतर 5 कोटी किमीच्या आसपास, आणि कक्षा इतकी लांबोडकी की दूरच्या टोकाला ते 7 कोटींच्या पुढे जातं. तिथे नेसोवर कुणाचं गुरुत्वाकर्षण जास्त, असं विचारलंत तर उत्तर सूर्याचं! 5 कोटी किमीवरसुद्धा नेपच्यूनची ओढ सूर्याच्या ओढीच्या निम्मीही भरत नाही. बिचकू नका, आपल्या चंद्रावरही सूर्याची ओढ पृथ्वीच्या दुप्पट आहे आणि तो कुठे पळालेला नाही.

कारण सूर्य एकट्या नेसोला ओढत नाही, नेपच्यूनलाही ओढतो. लोकलने ब्रेक मारला की डब्यातले सगळेच एकदम पुढे झुकतात, दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. तसंच हे. घातक असतो तो ओढीतला फरक, आणि सूर्य साडेचारशे कोटी किमीवर असताना 5 कोटींच्या अंतरात तो फरक फारच किरकोळ पडतो.

ग्रहाची सत्ता कुठवर चालते, त्या हद्दीला हिल गोल म्हणतात. गणित वहीच्या कोपऱ्यात मावतं. नेपच्यूनचं वस्तुमान सूर्याच्या 19,400 व्या हिश्शाएवढं. त्याला तीनने भागायचं म्हणजे 58,200 वा हिस्सा, त्याचं घनमूळ साधारण 39 वा हिस्सा. नेपच्यून सूर्यापासून 450 कोटी किमीवर, म्हणून हद्द सुमारे 11.6 कोटी किमी. हेच गुरूसाठी केलं तर 5.3 कोटी येतात. गुरू नेपच्यूनच्या अठरापट वजनदार असूनही त्याची हद्द निम्म्याहून कमी, कारण तो सूर्याच्या जवळ आहे. मला या विषयातली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच वाटते.

अर्थात हद्दीच्या काठापर्यंत कुणी टिकत नाही. ग्रह सूर्याभोवती ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरणारे चंद्र साधारण निम्म्या हद्दीपर्यंतच स्थिर राहतात. उलट फिरणाऱ्यांना बरीच जास्त सवलत मिळते. ग्रहासोबत फिरणाऱ्या चौकटीतून पाहिलं तर कोरिऑलिस बल (फिरत्या चौकटीत चालत्या वस्तूला बाजूला ढकलणारं बल) सुलट्यांना बाहेर ढकलतं आणि उलट्यांना आत. नेसो उलटा फिरतो. म्हणून एवढ्या लांब त्याचं निभावतं.

बाकी त्याचा सरासरी वेग सेकंदाला 400 मीटरसुद्धा नाही. आपला चंद्र किलोमीटरभर जातो. नेसोवर उभं राहिलात तर नेपच्यूनची तबकडी रुंदीने आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण नवव्या हिश्शाएवढी दिसेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नेसोचा जवळून काढलेला एकही फोटो नाही. व्हॉयेजर 2 यान 1989 मध्ये नेपच्यूनजवळून गेलं तेव्हा त्याला आतले सहा नवे चंद्र सापडले, हा नाही. नेसो 2002 मध्ये जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी सापडला. डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याहून तो कोट्यवधी पट मंद आहे. म्हणून बरेच फोटो काढून, चंद्राच्या संभाव्य चालीनुसार सरकवून, एकावर एक रचावे लागले. 60 किमी हा आकडाही प्रकाशावरून बांधलेला अंदाज. पृष्ठभाग किती काळा आहे ते गृहीत धरूनच तो निघतो.

नेपच्यूनभोवतीची एक फेरी त्याला सुमारे 27 वर्षांची. म्हणजे सापडल्यापासूनची पहिली फेरी 2029 च्या सुमारास पूर्ण होईल. शिवाय सूर्य त्याची कक्षा सतत थोडीथोडी ढवळत असतो. त्यामुळे अंतराचे आकडे दोन तक्त्यांत वेगवेगळे दिसले तर त्यातला कुठलाही खोटा ठरवायची घाई करू नका.