डब्यातली बटणं

प्रिय ताई,
गेल्या दिवाळीत ३८ वर्षांच्या नोकरीतून निवृत्त झालो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात होतो. घरी बसून वेड लागेल असं वाटायचं, तसं काही झालं नाही. पहाटे साडेपाचला वर्तकनगरहून उपवनला चालत जातो, तलावाकाठी फिरून सातला परत. दुपारी बायकोच्या शिलाई मशीनवर बसतो. आधी पिशव्या शिवल्या, मग उशांचे अभ्रे, आता नातीचं झबलंही जमलं. इतकं शांत आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पण बायको चिडचिड करते. मी तिचं मशीन उघडून साफ केलं, धाग्याचं टेन्शन (ताण) लावून दिलं, बटणांचा डबा आकाराप्रमाणे लावून दिला, तरीसुद्धा. फिरायला चल म्हटलं तर नको म्हणते. माझ्या आनंदात तिला भाग का घ्यावासा वाटत नाही?
— एक निवृत्त टूलमेकर, ठाणे

भाऊ,
आधी झबल्याबद्दल शाबासकी. गळ्याला तिरकी पट्टी लावताना भल्याभल्यांची बोटं अडखळतात. पुरुषांनी शिवावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तेही बरं केलंत. गल्लोगल्ली शिंपीदादाच तर बसलेले असतात.

आता वहिनींबद्दल. तुमच्या पत्रात ‘लावून दिलं’ दोनदा आलंय. त्यांनी लावायला सांगितलं होतं का? मशीन त्यांचं, टेन्शन त्यांच्या हाताला बसलेलं. एखादा स्क्रू सैल असेलही, पण कापड कुठे किंचित ओढायचं हे त्यांची बोटं जाणत होती. तुम्ही स्क्रू पिळलात आणि ती सवय एका दुपारी बाद झाली. टूलरूममध्ये तुमच्या मापाच्या गेजला परक्याने हात लावला असता तर तुम्ही काय केलं असतंत? मला वाटतं, त्या दिवशी जेवलाही नसतात.

बटणांच्या डब्याचंही तेच. तुम्हाला पसारा दिसला. वहिनींना त्यात हात घातला की हवं ते बटण सापडत होतं.

आणि दुपार. इतकी वर्षं तुम्ही कंपनीत होतात तेव्हा जेवणानंतरचे दोन-तीन तास घर त्यांचं असायचं. मशीनवर बसायचं, नाहीतर जमिनीवर उशी टाकून पडायचं. कोणी विचारायचं नाही. आता तिथे तुम्ही आहात, आणि मशीन खडखडतंय. तुम्हाला शांतता मिळाली ती त्यांच्या वाट्याची होती, भाऊ. राग मानू नका, पण हिशेब असा आहे.

शिवण सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. स्वतःचं मशीन घ्या. नवं नको, एखादं बंद पडलेलं जुनं काळं मशीन शोधा. पट्टा तुटलेला, चाक अडकलेलं, असलंच बघा. ते खोलून, तेल घालून, चिंधीवर टीप मारून बघण्यात तुमचा महिना कसा जाईल कळणार नाही. ते बाल्कनीत ठेवा. तोवर हाताने गोधडी घाला. दोन जुन्या सुती साड्या, मध्ये विटके परकर-चादरी, आणि कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. सूत न् सूत मोजणाऱ्या माणसाला टाके एकसारखे पडताना बघून काय वाटतं, ते मला कळवा. आवाज नाही, दुपारची झोपही कोणाची मोडत नाही. साड्या मात्र कपाटातून स्वतःच्या मनाने काढू नका!

फिरण्याचं तर माझं सरळ मत आहे: वहिनींना ओढू नका. शिवाय साडेपाचला जाऊ नका. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते, वारा पडलेला असतो, त्यामुळे रस्त्यावरचा धूर आणि धूळ वर जात नाही. येऊरच्या डोंगरापुढे पहाटे पांढरं दिसतं ते सगळं धुकं नसतं. ऊन तापायला लागलं की ही हवा मोकळी होते. आठला निघा, साडेनऊला या. पायांना ऊनही लागेल, आणि वहिनींना जागेपणीचा दीड तास एकटीला मिळेल. आत्ता तुम्ही बाहेर असता तेव्हा त्या बिचाऱ्या झोपेत असणार, त्यांना त्याचा उपयोग काय?

कधी त्या स्वतःहून चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या तर न बोलता बरोबर घ्या, आणि तुमची चाल जरा कमी ठेवा. नाही आल्या तरी विचारू नका.

टेन्शनचा स्क्रू किती पिळलात हे तुमच्यासारख्याला आठवत असणारच. तितकाच उलटा फिरवा, पण आधी त्यांना विचारून. आणि आज रात्री ती आकाराप्रमाणे लावलेली बटणं पुन्हा एकाच डब्यात ओता.
— तुमची ताई