शाळेच्या टेबलावर काय ठेवू?

प्रश्न: आम्ही ज्यू आहोत, मुलीच्या शाळेत कल्चरल डे आहे, टीचर म्हणाल्या तुमचं काहीतरी खायला आणा आणि मुलांना माहिती पण सांगा, पण तिथे कोशर, म्हणजे आमचे खाण्याचे धार्मिक नियम, कसं सांभाळायचं आणि न्यायचं काय?

उत्तर: ताई, सगळे सण एकाच टेबलावर मांडू नका, हनुका, म्हणजे आपला दिव्यांचा सण, तेवढाच घ्या. लाटके न्या, म्हणजे किसलेला बटाटा, कांदा, अंडं घालून तेलात तळलेल्या टिक्क्या, आणि तेलच का तेही सांगा, की जेरुसलेमच्या ज्यू मंदिरातलं एका दिवसापुरतं दिव्याचं तेल ८ दिवस पुरलं, अशी गोष्ट मुलं कान टवकारून ऐकतात. गार लाटक्यांत मजा नाही, पण शाळेचा ओव्हन काही कोशर नसणार, त्यामुळे घरूनच फॉइलमध्ये डबल गुंडाळून न्या आणि न उघडता तसेच गरम करा. अंडं आहे हे चिठ्ठीवर लिहाच, अ‍ॅलर्जीवाली मुलं असतात. ड्रेडल म्हणजे ४ बाजूंचा भोवरा ठेवलात तर गर्दी तिथेच होणार (लाटके बिचारे बाजूला!). मेणबत्त्या बॅटरीच्या, ८ आणि वर एक शमाश, ज्याने बाकीच्या पेटवतात. प्रार्थना मात्र म्हणून दाखवायलाच हवी असं काही नाही, मी तरी ती घरीच ठेवेन.