मुरिंगचा दोर पुन्हा का तुटला?

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. धक्क्याला लागताना मुरिंगचा, म्हणजे जहाज धक्क्याला बांधण्याचा, दोर तुटून आमचा एक खलाशी जखमी झाला. कंपनीच्या दुसऱ्या जहाजावरही पूर्वी हेच घडले होते. दोन्ही अहवालांत मूळ कारण ‘निष्काळजीपणा’ आणि उपाय ‘पुन्हा प्रशिक्षण’ असाच शेरा आहे. एवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. निष्काळजीपणा आढळला की चौकशीला खरी सुरुवात व्हायला हवी. तुमच्याकडे ती तिथेच आटोपलेली दिसते.

6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधील झेब्रुगा बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट नाळेकडचे (पुढच्या टोकाचे) दरवाजे उघडेच राहिल्याने आत पाणी शिरून कलंडली आणि 193 माणसे दगावली. दरवाजे बंद करण्याचे काम असलेला असिस्टंट बोसन (डेकवरील खलाशांचा दुय्यम मुकादम) केबिनमध्ये झोपला होता. कारण सापडले, असे म्हणून फाइल मिटता आली असती. परंतु दरवाज्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने निघण्यापूर्वी ब्रिजवरही (जहाज चालवण्याच्या कक्षातही) हजर असावे, अशी कंपनीचीच अपेक्षा होती. ब्रिजवरून दरवाजे दिसत नव्हते. आणि कोणी काही कळवले नाही म्हणजे सारे ठीक, असे कॅप्टनने गृहीत धरण्याची रीत होती. याच कंपनीचे दुसरे जहाज 1983 मध्ये असेच, असिस्टंट बोसन झोपी गेल्याने, उघड्या दरवाज्यांनिशी डोव्हरहून निघाले होते. पुढे ब्रिजवर दर्शक दिवे बसवण्याची मागणी झाली, तेव्हा कार्यालयातून तिची चक्क टिंगल झाली. त्या जागी दुसरा माणूस असता तरी हेच घडले असते का, हा प्रश्न कार्यालयात कोणी विचारलेला दिसत नाही.

तुमच्या अहवालाला तोच प्रश्न लावून पाहा. खलाशी दोराच्या झटक्याच्या टप्प्यात उभा होता, हे मान्य. पण विंच (दोर ओढण्याचे यंत्र) चालवणारा नीट दिसेल अशी दुसरी जागा त्या डेकवर होती का? दोर किती जुना होता, शेवटचा कधी तपासला, आणि तो बदलण्याची मागणी कोणाच्या टेबलावर पडून होती? 1 जानेवारी 2024 पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मुरिंग दोरांची तपासणी व देखभाल बंधनकारक आहे, त्यामुळे या नोंदी मागण्यात तुम्ही आगाऊपणा करत नाही.

आयएसएम या जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार अपघातांची आणि धोकादायक घटनांची नोंद व विश्लेषण करणे कंपनीवर बंधनकारक आहे. याच संहितेने नेमायला लावलेल्या किनाऱ्यावरील ‘डेझिग्नेटेड पर्सन’ला थेट वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत पोहोचता येते. दोन्ही अहवाल जोडून, दोराच्या नोंदींसह, कॅप्टनच्या माहितीने त्यांना लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.