दारू सोडायची आहे. जवळपास ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे समूह) मीटिंग कुठे भरते ते कसं शोधायचं आणि पहिल्यांदा जाताना ओळखीचं कुणी भेटलं तर?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यापायी माझं दीड वर्ष वाया गेलं.

पत्ता मला माहीत होता. महापालिकेची शाळा, संध्याकाळी सात. दोनदा फाटकापर्यंत गेलो, समोरच्या टपरीवर तंबाखू मळत उभा राहिलो आणि माघारी वळलो. वाटेत नेहमीचा बार. तिथे शिरताना कोण बघतंय, हा विचार कधी शिवला नव्हता. मेव्हण्याच्या हळदीत मी घातलेला गोंधळ अख्ख्या भावकीला पाठ होता. मग मी लपवत काय होतो, देव जाणे.

तिसऱ्यांदा आधी फोन केला, एवढाच फरक. "यायचंय, पण आत शिरवत नाही," म्हटलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मी फाटकावर थांबतो, हातात निळी छत्री असेल. पिऊन आलात तरी चालेल, फक्त ऐकत बसा."

म्हणून सांगतो, पत्त्यापेक्षा फोन नंबर मिळवा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातल्या संकेतस्थळावर समूहांची यादी आणि हेल्पलाइन नंबर असतात. पण यादीवर विसंबून थेट जाऊ नका. या सभा शाळांकडून, चर्चकडून मागून घेतलेल्या खोल्यांत भरतात. परीक्षा आल्या की खोली बदलते, निवडणूक आली की शाळेचं मतदान केंद्र होतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथेही जवळच्या उपचाराची सोय विचारता येते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तर बहुतेकांना ठाऊक असतं, अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. त्यांच्या फॉलोअपच्या सभा इतर गावांतही भरतात. तुमच्या तालुक्यात काहीच नसेल, तर आठवड्यातून एकदा एसटीने जिल्ह्याला जा आणि मधले दिवस ऑनलाइन मीटिंग लावा. करोनाच्या टाळेबंदीत त्यांचा चांगलाच जम बसला. मराठीतल्या शोधा. दुःख हिंदीतून सांगताना मी तरी अडखळतो.

आत काय झालं? चौथीच्या बाकावर गुडघे मावेनात. फळ्यावर भागाकार तसाच होता. भाषण नाही, उपदेश नाही, मध्ये कुणी तोंड घालत नाही. एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. रिक्षावाले एक काका उठले. "मी श्रावण कडक पाळायचो. महिनाभर थेंब नाही. म्हणजे मला व्यसन नाही, असं बायकोला दरवर्षी सिद्ध करून दाखवायचो. गटारीला मात्र दोन दिवस आधीपासून बसायचो." माझ्या अंगावर काटा आला. हाच हिशेब मी वडिलांपुढे मांडत आलो होतो.

तुम्हाला बोलायची सक्ती नाही. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पैशांची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. ओळखीचा भेटलाच तर तोही त्याच कारणाने आलेला असतो. मला आमच्या बँकेतले एक साहेब भेटले. मी त्यांच्याहून जास्त दचकलो की ते माझ्याहून, सांगता येणार नाही. बँकेत आजही आम्ही फक्त खातेदार आणि साहेब. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी, ओपनला घरचेही येतात. बायकोला न्यायचं असेल तर फोनवरच विचारून घ्या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन हे वेगळे समूह आहेत, मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' आहे. माझी बायको माझ्या आधी जायला लागली होती, मला पत्ताही नव्हता!

देवाधर्माचं म्हणाल तर दारू सोडण्यासाठीच्या ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, पण 'आपल्याला उमगलेला'. आमच्यात माळकरी आहेत आणि पक्के नास्तिकही. मला सुरुवातीला प्रार्थना खटकायची. त्या वेळी मी गप्प उभा राहायचो, कुणी काही म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र जपा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घेतल्याशिवाय थांबत नाहीत, अशी अवस्था असेल तर एका झटक्यात बंद करू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, जमल्यास मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणा सभासदाच्या सांगण्यावरून सोडू नका. असे दीडशहाणे आमच्यातही असतात.

आणि पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. माझा पहिला समूह मला रुचला नाही, फार जुनी मंडळी, तेच तेच किस्से. दुसऱ्या वॉर्डातल्या समूहात रमलो. पाच-सहा वेळा जाऊन बघा. संपल्यावर लगेच घरी पळू नका, फाटकाबाहेर चहा होतो तिथे थांबा. खरी विचारपूस तिथेच होते, नंबरही तिथेच मिळतात. पुढे रात्री अकराला तलफ आली तेव्हा मी फोन लावला तो निळ्या छत्रीवाल्यांनाच.

फोन करताना नाव सांगावं लागत नाही. "नवीन आहे, कुठे यायचं?" एवढं विचारलं तरी पुरतं.