डीएनए आणि नार्को चाचणी असूनही काही खुनांचा छडा का लागत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, डीएनए आणि नार्को चाचणी (औषध देऊन अर्धवट शुद्धीतल्या माणसाला बोलते करण्याची चाचणी) हाताशी असताना काही खून वर्षानुवर्षे अनुत्तरित का राहतात. मी सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवतो, आणि माझ्या अनुभवात घोडे बहुधा पहिल्याच दिवशी पेंड खाते.

नोएडाचे आरुषी-हेमराज प्रकरण घ्या. 16 मे 2008 रोजी सकाळी किशोरवयीन आरुषीचा मृतदेह घरातच तिच्या खोलीत आढळला आणि तिथे घरकाम करणारे हेमराज दिसेनात, म्हणून पोलिसांनी त्यांनाच संशयित ठरवून इनाम जाहीर केले. गच्चीच्या दाराला कुलूप होते, दाराजवळ रक्ताचे डाग होते, तरी ते कुलूप त्या दिवशी तोडले गेले नाही. दुसऱ्या दिवशी तोडले, तेव्हा हेमराज यांचा मृतदेह मे महिन्याच्या उन्हात कुजू लागलेला सापडला. एव्हाना नातेवाईक, शेजारी आणि पत्रकार घरभर वावरून गेले होते; त्यानंतर कोणता ठसा कोणाचा, हे सांगणार कोण?

प्रयोगशाळा तिच्याकडे आलेल्या पाकिटातील वस्तूच तपासते. याच प्रकरणात शेजारच्या एका नोकराच्या खोलीतून जप्त केलेल्या उशीच्या अभ्र्यावर हेमराज यांचे रक्त असल्याचे हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात नमूद होते. 2011 मध्ये मात्र, ती टंकलेखनातील चूक असून दोन अभ्र्यांची वर्णने उलटसुलट झाली होती, असा खुलासा आला. मुद्देमालावरील एका चिठ्ठीला किती वजन असते, हे यावरून कळावे. म्हणूनच उलटतपासणीत आम्ही प्रथम सील, पंचांच्या सह्या आणि वस्तू कोणाच्या ताब्यात किती दिवस होती, हेच विचारतो.

नार्कोबद्दल थोडक्यात सांगतो. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी संमतीविना करण्यास मनाई केली, आणि संमतीने केली तरी त्यातील बोलणे हा स्वतः पुरावा ठरत नाही.

सीबीआयने डिसेंबर 2010 मध्ये पुराव्याअभावी तपास बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयाने तो न स्वीकारता खटला चालवला. 2013 मध्ये आरुषीच्या आई-वडिलांना जन्मठेप झाली आणि 12 ऑक्टोबर 2017 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडले. कच्च्या पुराव्यावर कोणाला तुरुंगात ठेवण्यापेक्षा हे योग्यच, असे माझे मत आहे. पण मला सर्वांत जास्त सलतात ते हेमराज: वर गच्चीवर त्यांचा मृतदेह पडलेला होता आणि खाली त्यांच्याच नावाने शोध सुरू होता.